पावलपट्टी

कावेरीवहिनींचं पत्र आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. आता ब्याऐंशीचा आहे. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

निळं आंतर्देशीय होतं. अक्षर चौथी शिकलेल्या बाईचं, टपोरं, प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली उतरत गेलेली. पुढे मी तीन गावं आणि पाच घरं बदलली, पुस्तकं कितीतरी वेळा रद्दीत घातली, पण ते पत्र दर वेळी माझ्याबरोबर आलं. त्याच्याबरोबर एका पाकिटात उत्तराचा कच्चा मजकूरही आला. तो मी त्याच आठवड्यात लिहिला होता.

हे सगळं सुरू झालं पिठोरी अमावास्येला, भर दुपारी, नरहरतात्या दिवट्यांच्या अंगणात.

चांदेगावात साळ्यांची एक आळी होती. वीसेक घरं, प्रत्येक घरात खड्ड्यातला माग. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसे आणि पायांनी पावड्या दाबी. सबंध आळी दिवसभर खटखटत असे. मीही तिथलाच, पण वडिलांनी माग सोडून कारकुनी धरली आणि मी गावच्या वाचनालयात चिकटलो. शिकवत कुणालाच नव्हतो, तरी लोक मला मास्तर म्हणत. माझं अक्षर बरं होतं आणि आळीला माझा उपयोग तेवढाच होता. पावलपट्टीवर नाव घालायला मला बोलावत.

मूल नीट चालायला लागलं, दोनेक वर्षांचं झालं, की घरच्याच मागावर त्याच्यासाठी एक पांढरी पट्टी विणत. हातभर रुंद, सात हात लांब. ती अंथरायची, परातीत लाल रंग कालवून त्यात मुलाचे पाय बुडवायचे आणि त्याला पट्टीवरून चालवायचं. रंग वाळला की मी काठावर नाव आणि तिथी लिही. पट्टी कधी धुवायची नाही. गुंडाळून पेटीत ठेवायची आणि वर्षातून एकदा, पिठोरीला, तिला ऊन दाखवायचं. एक नेम मात्र कडक होता. एका घरची पट्टी दुसऱ्या घरच्यानं पाहायची नाही, मुलाला दृष्ट लागते. आळीतल्या बहुतेक सगळ्या पट्ट्या ज्याच्या हाताखालून गेल्या असा माणूस मी एकटाच. आणि मी भिडस्त. लोकांच्या पेटीतल्या वस्तूकडे टक लावून कसं बघायचं, म्हणून मी काठापुरतं बघत असे.

त्या दिवशी अमावास्या असल्यामुळे माग बंद होते. आळी इतकी शांत होती की मला माझ्याच चपलांचा आवाज नकोसा झाला.

"या मास्तर," तात्या ओसरीवरून म्हणाले. "पुस्तकांतून उन्हात आलात, रंग उडेल तुमचा."

मी हसलो आणि दारातच उभा राहिलो.

"आत या की. का पावलाला मुहूर्त बघताय?"

अंगणात एक जुनी पट्टी उन्हात पसरली होती. तिच्या काठावर माझंच अक्षर होतं: शकुंतला मुरलीधर दिवटे. शकू म्हणजे तात्यांची थोरली नात. साडेतीन वर्षांची असताना घटसर्पानं गेली. त्यानंतर वर्षभरानं इंदू झाली. आज इंदूची पट्टी व्हायची होती. तात्यांचा मुलगा मुरलीधर माल घेऊन सुरतेला गेला होता. घरातल्या मोठ्या माणसांच्या पट्ट्या कधीच वाळवीनं खाल्ल्या होत्या. घरात तात्या, त्यांची विधवा बहीण भागूआत्या, सून कावेरी आणि इंदू, एवढीच माणसं.

भागूआत्या रंग कालवत होत्या. इंदू परातीभोवती घुटमळत होती.

"शकू, परातीला हात नको लावू," आत्या म्हणाल्या.

"इंदू, आत्या," कावेरीवहिनी आतून हळूच म्हणाल्या.

"तेच ते. जीभ वळते तिकडंच. सकाळपासून दहांदा झालं." आत्या माझ्याकडे वळल्या. "बघितलेत का हिचे पाय? दोन्ही गुडघ्यांमधून मांजर जाईल निघून. आणि अंगठे एकमेकांना भेटायला निघालेले. पावडी कशी दाबणार ही?"

"लुगडी नेसली की झाकतील पाय," तात्या म्हणाले. "तोवर मास्तरांसारखं पुस्तक वाचू दे तिला. त्याला पाय लागत नाहीत."

इंदूनं आमच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. ती परात सोडून जुन्या पट्टीपाशी गेली, काठावर थांबली, खाली बघितलं आणि पट्टीवर पाय ठेवला. शकूच्या पहिल्या पावलावर. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

प्रथम कुणाला काही वाटलं नाही. वहिनी तिला उचलायला पुढे आल्या आणि मध्येच थांबल्या. पोरगी दोन्ही हात जरा वर धरून डुलत चालली होती आणि तिचं प्रत्येक पाऊल खालच्या लाल पावलावर झाकण बसावं तसं बसत होतं. आत वळलेल्या अंगठ्यावर आत वळलेला अंगठा. टाचेवर टाच. ती पाऊल उचले तेव्हा खालून शकूचं दिसे, ठेवी तेव्हा काहीच दिसत नसे.

अकराव्या पावलानंतर पट्टीवर एक मोठा लाल फराटा होता. साडेचार वर्षांपूर्वी शकू तिथे पायात पाय अडकून खाली बसली होती. इंदू अकरावं पाऊल टाकून तिथंच बसली. आणि मागे वळून आमच्याकडे बघितलं.

तेवढ्यात घरात माग एकदा वाजला. खट्. एकदाच.

"आत कोण आहे?" तात्यांनी विचारलं.

आम्ही सगळे अंगणातच होतो.

"मांजर असेल," मी म्हणालो.

पुढचं सगळं घाईनं उरकलं. नवी पट्टी अंथरली, इंदूचे पाय रंगवले, वहिनींनी तिला एका टोकाला सोडलं आणि दुसऱ्या टोकाला तात्यांनी हात पसरले. रंग वाळेपर्यंत कुणी पाणीही विचारलं नाही. मग तात्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. मोजा."

मी खिशातली मोजपट्टी काढली. लाकडी, सहा इंची, पुस्तकाच्या पानांत ठेवायची. गुडघ्यांवर बसून मी एकेक पाऊल मोजलं. लांबी, रुंदी, दोन पावलांमधलं अंतर, अंगठ्याचा कल. दोघींचेही तळवे सबंध उमटले होते, आपल्या पावलाला मध्ये असते ती खोबण कुठंच नव्हती. मला हे काम आवडत होतं, हेही सांगायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला निर्णय विचारला होता.

"सारखीच आहेत, तात्या," मी म्हणालो. "सुताचा फरक नाही."

भागूआत्यांनी भिंतीला टेकून हात जोडले. "आली परत," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, अगदी घरगुती आवाजात, "आली म्हणजे जाणारही. साडेतीनची झाली की."

वहिनींनी इंदूला उचललं. तिचे रंगलेले पाय त्यांच्या पातळाला पुसले गेले.

मी निघालो, पण तात्यांनी जेवायला ठेवून घेतलं. दिवेलागणीला वहिनींनी पिठोरीचं वाण केलं. त्या दिवशी आई पुरीखिरीचं ताट डोक्यावर धरून मागे न बघता विचारते, "अतीत कोण?" अतीत म्हणजे अतिथी. मागे उभं असलेलं मूल आपलं नाव सांगतं आणि ताट घेतं. मुलाच्या आयुष्यासाठीचं ते व्रत.

वहिनी पाठमोऱ्या बसल्या. मागे इंदू उभी होती, समईच्या उजेडात तिच्या वाकड्या पायांची सावली भिंतीवर पडली होती.

"अतीत कोण?"

इंदू गप्प.

"अतीत कोण?"

"सांग बाळ, नाव सांग," तात्या म्हणाले.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोरगी स्पष्ट म्हणाली, "शकू."

ताट वहिनींच्या हातातच राहिलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. व्रतात बघायचं नसतं.

मी न जेवता घरी आलो.

चार दिवसांत आळीभर झालं. मास्तरांनी मोजून सांगितलंय, सुताचा फरक नाही. मी रस्त्यानं गेलो की बायका पोरांना पदराखाली घेत, जणू मी त्यांचेही पाय मोजीन. मुरलीधर परत आला आणि घरात ठरलं. त्याची बहीण सुरतेला होती, तिला मूल नव्हतं. दसऱ्याला इंदूला तिच्या ओटीत घालायचं. घर बदलायचं, नाव बदलायचं आणि लग्न होईपर्यंत आईनं तोंड दाखवायचं नाही. नेणारा येईल तेव्हा त्याला ना घर सापडेल ना नाव.

गौरी-गणपती झाल्यावर वहिनी इंदूला घेऊन माहेरी गेल्या. तिथून त्यांचं पत्र आलं. सबंध देतो, ते लहानच आहे.

"मास्तरभाऊ यांस सा. न. तुम्ही मोजलं ते खोटं नाही. पण तुम्ही आमच्या दोनच मोजल्या. तुमच्या हाताखालून आळीतल्या सगळ्या जातात. बाकीच्या मुलांची कशी असतात ते मला ठाऊक नाही, मला कुणी दाखवणार नाही. तुम्हाला ठाऊक असेल. वेगळी असली तर तसं लिहा, मी पोर देईन. सारखी असली तर तात्यांना दसऱ्याआधी सांगा. तुम्ही सांगितलं म्हणजे ते ऐकतील. इंदू रोज दूध पिते. कावेरी."

मी ते वाचनालयाच्या काउंटरवर उभ्यानं वाचलं आणि मग पुन्हा, कपाटांच्या मागे जाऊन वाचलं.

बाकीच्या मुलांची. हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिथे अंगणात गुडघ्यांवर बसून अंगठ्यांचा कल मोजणाऱ्या माणसाला सुचला नव्हता.

त्या संध्याकाळी मी आईची पेटी उघडली. माझीही पट्टी होती. वडिलांनी माग सोडला तेव्हाच आमच्याकडे पट्टीला ऊन दाखवणं बंद झालं, त्यामुळे मी ती फक्त गुंडाळलेली पाहिली होती. ती जमिनीवर सोडली आणि मला मागे सरकावं लागलं. समोरून शकू चालत येत होती. तेच आत वळलेले अंगठे, तोच सपाट, खोबण नसलेला तळवा, तीच डुलती चाल. काठावर माझं नाव होतं.

मी माझे पाय बघितले. सरळ होते. मग पुन्हा पट्टीकडे. ज्या पावलांनी मी त्या घराला घाबरवलं होतं, ती माझीच होती.

पुढच्या चार दिवसांत मी सहा घरांत गेलो. "पट्टीवरचं नाव पुसट झालंय का, बघतो," असं म्हणालो आणि लोकांनी विश्वास ठेवला. या वेळी मी काठावरून आत बघितलं. सहा पट्ट्या, सहा मुलं. त्यांतला एक आता सायकलवरून दूध घालत होता, एक पोरगी माझ्याकडून पुस्तकं नेई. सगळ्यांची पावलं शकूची होती. दोघं तर पट्टीवर मध्येच बसलेही होते.

आणि ते नाव. परातीपाशी भागूआत्यांनी इंदूला शकू म्हणून हाक मारलेली मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. सकाळपासून दहांदा, त्याच म्हणाल्या होत्या. दोन वर्षांच्या मुलीला घरात ज्या नावानं हाक मारतात, तेच ती सांगणार. हे त्या घरात फक्त मी बाहेरचा होतो म्हणून मला दिसलं होतं. त्याच रात्री सांगता आलं असतं.

मी उत्तर लिहायला बसलो. "वहिनी, सगळ्यांचीच अशी असतात. इंदूला देऊ नका." इतकं लिहून झालं आणि पेन थांबलं. ती साडेतीनची झाली आणि खरंच गेली तर? मुलं तापानं जात होती, कुठल्याही घरातली जात होती. मग लोक म्हणतील, मास्तरांनी अडवलं. आणि तात्यांना काय सांगू? चार माणसांत मोजलं ते बरोबर, पण त्याचा अर्थ चुकीचा? सहा घरांच्या पेट्या मी खोटं बोलून उघडल्या, हे कसं सांगू? कुठल्याही पुस्तकात मला आधार मिळाला नाही. वाचनालयात बालसंगोपनावर एक पुस्तक होतं, त्यात पायांबद्दल अवाक्षर नव्हतं. पुस्तकात नसलेलं मी कसं म्हणू, असं मला वाटलं. मी कागद पाकिटात घातला, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. ते पाकीट दसऱ्यापर्यंत माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिलं. वाचनालयापासून पोस्टाची पेटी तीस पावलांवर होती.

दसऱ्याला सकाळी आळीतून दिवट्यांचा टांगा निघाला. मी वाचनालयाच्या पायरीवर होतो. सुरतेची बाई टांग्यात बसली होती. इंदूला नवं परकर-पोलकं घातलं होतं, ती टांग्याकडे स्वतः चालत निघाली. आत वळलेल्या पायांनी, घाईघाईनं, घोडा बघायला मिळणार म्हणून खूश. पायात पाय अडकून एकदा पडली, उठली, परत निघाली. तिच्या मागे, वीसेक हातांवर, कावेरीवहिनी थांबल्या होत्या. त्यापुढे जायचं नव्हतं. परवानगी तेवढीच होती.

टांगा वळला. वहिनी माघारी फिरल्या, मला पाहिलं आणि सरळ पायरीपाशी आल्या. भर रस्त्यात सुनेनं परपुरुषाशी बोलायचं ते दिवस नव्हते. त्या बोलल्या.

"मास्तरभाऊ, माझं पत्र मिळालं का?"

खिशात त्यांच्या पत्त्याचं पाकीट होतं. टांग्याच्या चाकांचा आवाज अजून येत होता. धावलो असतो तर गाठता आला असता.

"कोणतं पत्र?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि गेल्या.

इंदू जगली. साडेतीन ओलांडली, सात ओलांडली. सुरतेहून कुणी आलं की सांगे, पोरीचे पाय कसे सरळ झाले, बघत राहावं. भागूआत्या मरेपर्यंत सांगत होत्या, घर बदललं म्हणून सुटली, पायसुद्धा बदलले. मी ऐकत होतो. त्या दसऱ्यानंतर वहिनींना लेक थेट तिच्या लग्नात दिसली. एकोणीस वर्षांची. वाकून नमस्कार केला आणि "मामी" म्हणाली. मी त्या लग्नाला पत्रिका असून गेलो नाही. मला हे दुसऱ्यांनी सांगितलं.

गेल्या महिन्यात नात मला पुण्यात डॉक्टरांकडे घेऊन गेली. माझ्यासाठी नाही, तिच्या मुलासाठी. ईशान दोन वर्षांचा आहे. त्याचे पाय फेंगडे दिसतात, तो आत पावलं टाकतो, पडतो. नात रात्र रात्र मोबाइलवर वाचून रडकुंडीला आली होती. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं एका टबमध्ये पाणी घेतलं, ईशानचे पाय ओले केले आणि त्याला करड्या फरशीवरून आईकडे चालवलं.

मी भिंतीपाशी खुर्चीत होतो. फरशीवर ओली पावलं माझ्याच दिशेनं उमटत आली, मध्येच ईशान एकदा फतकल मारून बसला आणि उठला. मी पाय वर उचलून घेतले.

"आजोबा, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"हे बघा," ती नातीला सांगत होती, "दीड-दोन वर्षांपर्यंत पाय असे धनुष्यासारखे असतात. मग उलटं होतं, तीन-चारला गुडघे एकमेकांना लागतात. सातेक वर्षांचा होईपर्यंत सरळ. तळव्यात चरबी असते म्हणून खोबण दिसत नाही, ती नंतर येते. एकच पाय वाकडा असता, दुखत असता, लंगडत असता तर मी बघितलं असतं. बूट नकोत, पट्टे नकोत, काही नको. सगळ्यांचीच अशी असतात."

माझं वाक्य होतं ते. छपन्न वर्षांपूर्वी, माझ्या अक्षरात, तिकीट लावलेल्या पाकिटात.

"तुमचीही अशीच असणार, आजोबा," ती हसून म्हणाली.

"आहेत," मी म्हणालो. "घरी आहेत."

तिला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं असावं. फरशीवरची पावलं पंख्याखाली वाळत होती, मागच्या टोकापासून एकेक करून जात होती. ईशान बसला होता तिथला ओला डाग सगळ्यात शेवटी गेला.

कावेरीवहिनी आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. चांदेगावात एकट्या राहतात, मी फोनवरून चौकशी केली. मग जुनं पाकीट फोडलं. आतला कागद दोन वाक्यांवर थांबला होता. त्याखाली मी आज पुढचं लिहिलं:

"तुमचं पत्र मला मिळालं होतं. दसऱ्याच्या आधी वीस दिवस. हे उत्तर तेव्हाच लिहिलं होतं, ते खिशात असताना मी तुम्हाला कोणतं पत्र म्हणून विचारलं. मी आणखी सात पट्ट्या पाहिल्या होत्या, त्यांतली एक माझी. ती सोबत पाठवतो. शकूच्या पट्टीशेजारी ठेवून बघा. शकू परत आली नव्हती. ती इंदूच होती, आणि ती तुमच्याकडेच राहायला हवी होती. क्षमा मागण्याइतकं धैर्य आजही नाही. इंदूला हे दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

कागद आणि पट्टी नव्या पाकिटात घातली, तर ते जाड झालं, पोस्टाच्या पेटीच्या फटीत जाईना. आत काउंटरवर न्यावं लागलं. समोरच्या मुलानं ते दाबून बघितलं.

"आत काय आहे, काका?"

"कापड."

"आणि पाठवणाऱ्याचं नाव? ते लिहिलं नाहीत."

मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि डाव्या कोपऱ्यात नाव लिहिलं. अक्षर आता हलतं. त्यानं पाकीट काट्यावर ठेवलं, शिक्का मारला आणि मागच्या गोणीत टाकलं.

"पोचेल का?" मी विचारलं.

"तीन दिवसांत," तो म्हणाला, आणि माझ्या मागच्या बाईला पुढे बोलावलं.